बिझनेस अ‍ॅनालिटिक्समध्ये मास्टर्स: करावं का, आणि करायचं तर कसं?

तुमचा प्रश्न असा आहे: वाणिज्य शाखेची पदवी, अकाउंट्स विभागात काही वर्षं नोकरी, एक्सेलवर हात बसलेला, कोडिंग शून्य, गणित शाळेनंतर सुटलेलं. अशा माणसानं बिझनेस अ‍ॅनालिटिक्समध्ये (म्हणजे डेटावरून धंद्याचे निर्णय घ्यायला मदत करण्याच्या विषयात) मास्टर्स करावं का? की डेटा सायन्स किंवा एमबीए बरं? वर्ग सुरू होण्याआधी काय तयारी करावी, लॅपटॉप कुठला घ्यावा? आणि एआय सगळं करायला लागल्यावर या पदवीला काही किंमत राहील का? मी या क्षेत्रात बरीच वर्षं काम करतोय, नव्या पदवीधरांच्या मुलाखती घेतो, अधूनमधून विद्यार्थ्यांचे प्रकल्प तपासायलाही बसतो. त्यावरून जे वाटतं ते सांगतो.

करा, पण टूल्स शिकायला म्हणून करू नका. एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा), पायथन (प्रोग्रॅमिंगची भाषा), पॉवर बीआय किंवा टॅब्लो (आलेख आणि डॅशबोर्ड बनवायची सॉफ्टवेअर) यांची कामापुरती ओळख नोकरी सांभाळूनही काही महिन्यांत होते. त्यासाठी एवढी फी भरायची आणि नोकरी सोडायची काही गरज नाही. पदवीतून मिळवण्यासारखं दुसरंच आहे. संख्याशास्त्राचा पाया कोणीतरी शिस्तीनं घालून देतं, तुमचं उत्तर का चुकलं हे खोदून विचारणारा माणूस समोर असतो, आणि 'आमची विक्री का घसरली ते बघा' असल्या ढिसाळ वाक्यातून नेमका प्रश्न बाहेर काढायचा सराव होतो. या तीन गोष्टी व्हिडिओ बघून येताना मी फारशा पाहिलेल्या नाहीत.

आता डेटा सायन्स की बिझनेस अ‍ॅनालिटिक्स. विषय म्हणून यातलं बरंचसं जुनंच आहे. जॉर्ज डँट्झिगची ऑप्टिमायझेशनची (म्हणजे मर्यादेत राहून सर्वोत्तम पर्याय शोधायची) सिम्प्लेक्स पद्धत १९४७ ची, एडगर कॉडचा रिलेशनल डेटाबेसचा (माहिती एकमेकांशी जोडता येणाऱ्या टेबलांत ठेवायचा) विचार १९७० चा, रिग्रेशन (घटकांमधला संबंध आकड्यात मांडायची पद्धत) तर त्याहूनही खूप जुनं. हे सगळं एका छताखाली आणून त्याची वेगळी मास्टर्स पदवी देणं मात्र अलीकडचं. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिना स्टेट विद्यापीठानं २००७ मध्ये अ‍ॅनालिटिक्सची मास्टर्स सुरू केली आणि नंतर बिझनेस स्कूलांनी हा प्रकार उचलून धरला. त्यामुळे नावात एकवाक्यता नाही. एकीकडची 'बिझनेस अ‍ॅनालिटिक्स' म्हणजे दुसरीकडची 'डेटा सायन्स' असू शकते, आणि तिसरीकडे तीच चार तांत्रिक विषय चिकटवलेली एमबीए निघते. म्हणून नाव सोडा, अभ्यासक्रम उघडा. लिनिअर अल्जिब्रा, अल्गोरिदम, डिस्ट्रिब्युटेड कम्प्युटिंग यांना मोठी जागा असेल तर ती संगणकाकडे झुकलेली पदवी. तुमच्या पार्श्वभूमीवर तिथे पहिलं सत्र फार जड जाईल. संख्याशास्त्राचे निदान दोन पूर्ण विषय, एक ऑप्टिमायझेशनचा, एक डेटाबेसचा आणि एक प्रयोगरचना किंवा कार्यकारणभावाचा असेल, तर तुम्हाला हवी ती हीच. आणि संख्याशास्त्र दोन आठवड्यांच्या 'उजळणी'त गुंडाळून बाकी वर्षभर 'लीडरशिप' आणि 'स्ट्रॅटेजी' असेल, तर एमबीएच करा, निदान त्याची ओळख तरी लोकांना आहे.

गणिताची भीती. इथे थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण लोक चुकीच्या गणिताला घाबरतात. इंटिग्रेशनची लांबलचक उदाहरणं फारशी लागत नाहीत. लागते ती सशर्त संभाव्यता (एक गोष्ट झाली असताना दुसरी होण्याची शक्यता), नमुन्याचा विचार, विचलन म्हणजे काय याची जाण, आणि रिग्रेशनमधला आकडा वाचता येणं. हे सूत्रांपेक्षा विचारानं अवघड आहे.

उदाहरण म्हणून बर्कलीची प्रवेशाची आकडेवारी घ्या. १९७३ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेत पदव्युत्तर प्रवेशासाठी अर्ज केलेल्या पुरुषांपैकी सुमारे ४४ टक्के निवडले गेले, स्त्रियांपैकी सुमारे ३५ टक्के. उघड भेदभाव वाटतो. १९७५ मध्ये संशोधकांनी विभागवार बघितलं तर बहुतेक विभागांत तसं काही दिसेना. यातल्या सहा मोठ्या विभागांचा डेटा आर या प्रोग्रॅमिंग भाषेबरोबर आपोआप मिळतो, नाव 'यूसीबीअ‍ॅडमिशन्स'. 'ए' विभागात ८२५ पुरुष आणि फक्त १०८ स्त्रियांनी अर्ज केले. निवड झाली पुरुषांची ६२ टक्के आणि स्त्रियांची ८२ टक्के. 'एफ' विभागात दोन्हीकडे अर्ज साधारण सारखे आणि निवड जेमतेम सहा-सात टक्के. म्हणजे पुरुषांचे अर्ज मोठ्या प्रमाणात सोप्या प्रवेशाच्या विभागांत गेले होते आणि स्त्रियांचे अवघड प्रवेशाच्या. सगळं एकत्र केल्यावर चित्र उलटलं. याला सिम्पसनचा विरोधाभास म्हणतात.

त्या सहा विभागांचा तक्ता कागदावर घ्या आणि कॅल्क्युलेटरनं स्वतः सोडवा. मग पुढचा प्रश्न स्वतःला विचारा: विभागवार बघणं नेहमीच बरोबर का? नाही. विभागाची निवडच जर भेदभावामुळे ठरत असेल, तर विभागानुसार फोड केल्यानं खरा मुद्दा झाकला जाईल. कुठल्या घटकानुसार फोड करायची हे डेटा सांगत नाही, ते जग कसं चालतं याच्या समजुतीवरून ठरवावं लागतं. हा प्रश्न ज्याला अस्वस्थ करतो त्याचं गणित कच्चं असलं तरी चालतं, ते सुधारतं. ज्याला 'मग बरोबर उत्तर कुठलं ते सांगा ना' एवढंच वाटतं, त्यानं पदवीचा पुन्हा विचार करावा.

दुसरं उदाहरण रोजच्या कामातलं. जवळजवळ प्रत्येक अभ्यासक्रमात 'चर्न'चा, म्हणजे ग्राहक सोडून जाण्याचा, प्रकल्प असतो. समजा १०,००० ग्राहकांपैकी ५०० पुढच्या तिमाहीत जाणार आहेत. विद्यार्थी कोण जाणार हे सांगणारं मॉडेल बांधतो आणि अभिमानानं सांगतो, अचूकता ९५ टक्के. 'कोणीच जाणार नाही' असं डोळे मिटून सांगणाऱ्या मॉडेलचीही अचूकता ९५ टक्केच भरते. बहुतेकांना हे पहिल्या सत्रातच कळतं, मग ते प्रिसिजन (जाणार म्हटलेल्यांपैकी खरोखर किती गेले), रिकॉल (गेलेल्यांपैकी किती आधी ओळखले) आणि आरओसी वक्र (मॉडेल दोन गट किती चांगले वेगळे करतं ते दाखवणारा आलेख) यांच्याकडे वळतात आणि तिथेच थांबतात. खरं काम तिथून पुढे आहे.

समजा जाऊ पाहणाऱ्या ग्राहकाला थांबवायला सवलत द्यायची आहे. सवलतीचा खर्च १००, थांबलेल्या ग्राहकापासून मिळणारा फायदा १,०००, आणि सवलत दिलेल्या जाणाऱ्या चारपैकी एकच थांबतो. मग सवलत कोणाला परवडते? जाण्याची शक्यता गुणिले एक चतुर्थांश गुणिले १,००० हे १०० पेक्षा जास्त भरलं पाहिजे. म्हणजे शक्यता ४० टक्क्यांच्या वर हवी. 'जाणार' असं म्हणायला सॉफ्टवेअर स्वतःहून ५० टक्क्यांची रेघ मारतं, तिचा तुमच्या धंद्याशी काहीही संबंध नसतो. ज्या ग्राहकापासून फायदा २,००० आहे त्याच्यासाठी हीच रेघ २० टक्क्यांवर येते. म्हणजे सगळ्यांना एकच रेघ लावणंही चूक.

आणि अजून एक पायरी आहे. 'चारपैकी एक थांबतो' हा आकडा आला कुठून? मॉडेलमधून नाही. तो मिळवायला काही जणांना यदृच्छेनं (चिठ्ठ्या टाकून निवडावं तसं) सवलत द्यावी लागते, काहींना मुद्दाम न देता ठेवावं लागतं, आणि दोन्ही गटांत फरक बघावा लागतो. शिवाय ज्याची जाण्याची शक्यता सगळ्यात जास्त, तो अनेकदा सवलतीनं थांबणाराही नसतो, त्याचं ठरलेलं असतं. कोण जाणार हा एक प्रश्न, कोणाला अडवता येईल हा वेगळा. प्रयोगरचनेच्या विषयाला विद्यार्थी दुय्यम समजतात आणि न्यूरल नेटवर्कच्या वर्गात गर्दी करतात. निवड माझ्या हातात असती तर मी उलट केलं असतं.

कोडिंगबद्दल. आधी एसक्यूएल, मग पायथन किंवा आर. या क्रमावर मी ठाम आहे. एक्सेल चांगलं येतं ही तुमची जमेची बाजू आहेच, पण त्याच्या मर्यादा जीवघेण्या ठरू शकतात. २०२० च्या शरद ऋतूत इंग्लंडमध्ये कोविडच्या सुमारे १६,००० बाधितांच्या नोंदी वेळेवर पुढे गेल्याच नाहीत, कारण माहिती एक्सेलच्या जुन्या फाइल प्रकारात भरली जात होती आणि त्यात एका शीटवर ६५,५३६ च ओळी मावतात. उरलेल्या ओळी गुपचूप गळल्या.

एसक्यूएल मात्र 'सिलेक्ट' आणि 'ग्रुप बाय' पाठ केलं की आलं असं समजू नका. माझ्या मुलाखतीत मी एक साधी गोष्ट विचारतो. एक ऑर्डर आहे १,२०० ची. तिच्यात तीन वस्तू आहेत, आणि पैसे ६००-६०० च्या दोन हप्त्यांत आले. ऑर्डर, वस्तू आणि पेमेंट अशी तीन टेबलं. तिन्ही ऑर्डर क्रमांकावर जॉइन केली, म्हणजे जोडली, तर किती ओळी येतील आणि ऑर्डरच्या रकमेची बेरीज किती होईल? तीन गुणिले दोन, सहा ओळी. बेरीज ७,२००. आलेले पैसे मोजले तर प्रत्येक हप्ता तीनदा मोजला जाऊन ३,६००. दोन्ही चुकीचे, आणि डेटाबेस एक शब्दही कुरकुर करत नाही. चांगले गुण मिळवलेले उमेदवारही इथे अडखळतात. मग कोणीतरी म्हणतं, बेरजेत 'डिस्टिंक्ट' (सारखा आकडा एकदाच मोजा) टाकतो. एका ऑर्डरला ते लागू पडेल. पण १,२०० च्याच दोन वेगवेगळ्या ऑर्डर असल्या की त्यातली एक गायब. बरोबर रस्ता म्हणजे वस्तू आणि पेमेंट आधी ऑर्डरच्या पातळीवर गोळा करायच्या आणि मगच जोडायच्या.

इथे तुमची अकाउंट्सची पार्श्वभूमी कामी येते. ताळा घेतल्याशिवाय पुढे जायचं नाही ही सवय तुमच्या अंगात आहे. प्रत्येक जॉइनच्या आधी आणि नंतर ओळी मोजा, एकूण रक्कम खातेवहीच्या आकड्याशी जुळवा. इंजिनिअरिंगहून आलेल्या अनेक मुलांना ही सवय लावायला मला महिने लागतात.

आता कॉलेज निवडताना. रँकिंग बघा, पण त्यावर फार वेळ घालवू नका. मी सगळ्यात आधी शेवटच्या सत्रातला कॅपस्टोन प्रकल्प बघतो. बाहेरच्या संस्थेचा खरा डेटा मिळतो की इंटरनेटवरून उतरवलेली स्वच्छ फाइल? समोर निर्णय घेणारा माणूस असतो की फक्त प्राध्यापक? प्रकल्प चार महिने चालतो की चार आठवडे? माजी विद्यार्थ्याला गाठून एकच प्रश्न विचारा: 'तुमच्या प्रकल्पात डेटा हातात यायला किती वेळ लागला आणि तो आल्यावर त्यात काय बिघडलेलं होतं?' ज्याला यावर दहा मिनिटं बोलता येतं त्यानं खरं काम केलं आहे. 'डेटा कॅगलवरून (म्हणजे सरावासाठी तयार डेटा मिळणाऱ्या संकेतस्थळावरून) घेतला' असं उत्तर आलं तर सावध व्हा.

दुसरं, प्लेसमेंटचा अहवाल. हा वाचणं ही तुमची पहिली परीक्षा समजा. 'सरासरी पगार' दिला असेल तर मध्यक (पगार क्रमानं लावल्यावर मधोमध येणारा) मागा, कारण दोन-तीन भरघोस पगार सरासरीला वर ओढतात. '९६ टक्के विद्यार्थ्यांना नोकरी' असं असेल तर छेद विचारा: एकूण विद्यार्थ्यांपैकी, नोकरी शोधणाऱ्यांपैकी, की ज्यांनी माहिती कळवली त्यांच्यापैकी? ज्यांना नोकरी मिळाली नाही ते फॉर्म भरायला सहसा उत्सुक नसतात. नोकरी कुठल्या पदावर हेही बघा. प्रवेशाआधी जी नोकरी मिळतच होती तीच पुन्हा मिळाली असेल तर पदवीचा वाटा किती?

एक वर्षाचा अभ्यासक्रम की दोन वर्षांचा? अनुभव आहे आणि त्याच क्षेत्रात वर सरकायचं आहे, तर एक वर्ष पुरे. क्षेत्र बदलायचं असेल तर मधली इंटर्नशिप मोलाची ठरते, ती एका वर्षात बसवणं कठीण. तुमच्या बाबतीत मी दोन वर्षांकडे झुकेन, किंवा एक वर्षाचा असेल तर त्यात इंटर्नशिप खरोखर आहे का हे आधी बघा. परदेशी जाणार असाल तर शिक्षणानंतर काम करण्याच्या परवानगीचे नियम संबंधित सरकारच्या संकेतस्थळावरच वाचा, एजंटाच्या तोंडून नको.

प्रवेश मिळाल्यावर एका सापळ्यापासून जपा. या पदव्यांत गटकार्य फार असतं. पहिल्याच आठवड्यात वाटणी होते: कोडिंग येणारा कोड लिहितो, बोलका माणूस सादरीकरण करतो, आणि अकाउंट्सवाल्याकडे अहवालाची भाषा नीट करण्याचं काम येतं. गुण सगळ्यांना चांगले मिळतात आणि वर्षाअखेरीस प्रत्येकाला तेच येतं जे आधी येत होतं. पहिल्या सत्रात हट्टानं कोड लिहा, गट हळू चालला तरी चालेल. कोडवाल्याला सादरीकरण करायला लावा, त्याचंही भलंच होईल.

मॉडेलच्या नादात वाहून जाऊ नका, हेही सांगायला हवं. नेटफ्लिक्सनं २००६ मध्ये दहा लाख डॉलरची स्पर्धा ठेवली होती: चित्रपटांना मिळणाऱ्या पसंतीचं भाकीत १० टक्क्यांनी सुधारून दाखवा. २००९ मध्ये एका संघानं ते करून बक्षीस नेलं. पण ते जिंकलेलं पूर्ण मॉडेल कंपनीनं कामात आणलंच नाही. वाढीव अचूकतेच्या मानानं ते चालवण्याचा खटाटोप जास्त होता, आणि तोवर कंपनीचा धंदाही टपालानं डीव्हीडी पाठवण्याकडून स्ट्रीमिंगकडे सरकला होता. त्याआधीच्या टप्प्यावर, २००७ मध्ये, ८.४३ टक्के सुधारणा करणाऱ्या संघाच्या कामातल्या दोन पद्धती मात्र त्यांनी वापरल्या. परीक्षेत शेवटच्या दीड टक्क्याला गुण असतात, नोकरीत 'हे कोण चालवणार आणि बिघडलं तर कोणाला फोन करायचा' याला असतात.

एआयचा प्रश्न. कोडचा पहिला मसुदा आता मशीन लिहितं आणि बऱ्यापैकी लिहितं. माझ्या टीममध्ये सगळेच वापरतात. नुसता डॅशबोर्ड बनवून देण्याच्या नोकऱ्यांवर याचा ताण येईल असं मला वाटतं. पण वरचं १,२०० च्या ऑर्डरचं उदाहरण आठवा. मशीननं लिहिलेली क्वेरी व्यवस्थित चालते, आकडा देते, आणि तो सहापट असू शकतो. तुमच्या टेबलात एका ऑर्डरचे दोन हप्ते असतात हे त्याला कोणी सांगितलं होतं का? आणि 'सक्रिय ग्राहक' म्हणजे गेल्या ३० दिवसांत खरेदी केलेला की ॲप उघडलेला, यावर विक्री आणि वित्त विभागांचं एकमत नसेल तर ते भांडण सोडवायला माणूसच लागतो. शिकताना एकच पथ्य पाळा: पहिले सहा महिने आधी स्वतः लिहा, मग मशीनकडून तपासून घ्या. उलट केलंत तर चूक ओळखणारी नजर तयारच होत नाही, आणि पगार आता त्याच नजरेचा मिळतो.

वर्ग सुरू होण्याआधीच्या महिन्यांत एसक्यूएल रोज थोडं करा, संभाव्यता आणि नमुना वितरणाचं एखादं प्राथमिक पाठ्यपुस्तक उदाहरणांसकट सोडवा, आणि पायथनमध्ये एवढंच शिका की फाइल वाचता येईल, गाळता येईल, गटवार बेरीज करता येईल आणि साधा आलेख काढता येईल. त्याबरोबर एक काम करा जे बहुतेक जण करत नाहीत. तुमच्या आत्ताच्या नोकरीत दरमहा हातानं तयार होणारा एखादा अहवाल घ्या आणि साहेबांना विचारा, हा वाचून तुम्ही नेमका कुठला निर्णय बदलता? उत्तर मिळालं तर त्या निर्णयाला धरून अहवाल नव्यानं मांडा, अर्थात परवानगी घेऊन आणि कंपनीचा डेटा बाहेर न नेता. प्रवेशाच्या निबंधात लिहायला यापेक्षा चांगलं काही सापडणार नाही. 'कुठलाच नाही' असं उत्तर आलं तर तेही लिहिण्यासारखं आहे.

लॅपटॉपचंही विचारलं होतं. १६ जीबी रॅम असलेला कुठलाही बरा लॅपटॉप चालेल. महागडं ग्राफिक्स कार्ड घेऊ नका, जड काम क्लाउडवर होतं.